चाळीस दिवस बिनफोडणीचे

आमच्या आईचा हात तिखट होता. तिनं लसूण-जिऱ्याची फोडणी दिली की रस्त्यानं जाणारा माणूस शिंकायचा, आणि बाबा म्हणायचे, "सैतान आपल्या दारात फिरकत नाही तो माझ्या प्रार्थनेनं नव्हे, हिच्या फोडणीनं." अशा घरात एका वर्षी सलग चाळीस दिवस कढईत तेलाचा थेंब पडला नाही. सुतक नव्हतं की टंचाई नव्हती. आई चुलीपुढं बसायची, सवयीनं लसणाचा गड्डा हातात घ्यायची आणि परत शिंक्यात टाकायची. ते दिवस माझ्या जिभेला अजून आठवतात. आता सत्तरी उलटली, सांगून टाकावं म्हणते. ज्यांना त्याची लाज वाटली असती ती सगळी माणसं कधीच कबरस्तानाच्या भिंतीच्या आत जाऊन झोपली आहेत. त्या भिंतीचंही सांगायचं आहेच.

बाबा कोल्हापुरातल्या एका लहानशा ख्रिस्ती मंडळीचे पाळक होते. उपदेश करायचा, लेकरांना बाप्तिस्मा द्यायचा, लग्नं लावायची, माणसं पुरायची, हे त्यांचं काम. दोन खोल्या आणि एक ओसरी असं आमचं घर देवळाला लागूनच होतं. आम्ही ख्रिस्ती लोकही प्रार्थनाघराला देऊळच म्हणायचो. घंटा म्हणून आवारातल्या आंब्याला आगगाडीच्या रुळाचा तुकडा टांगलेला होता. रविवारी सकाळी तो ठणठण वाजला की पाठोपाठ बाबांचं खाकरणं ऐकू यायचं. समोरच्या रस्त्यानं महाराजांचे घोडे फेरीला निघायचे, त्यांच्या टापांच्या वरताण बाबांचा आवाज चढायचा. मागच्या रांगेत पेंगणारी म्हातारी दचकून भलत्याच ठिकाणी "आमेन" म्हणायची आणि आम्ही पोरी तोंडात पदर कोंबून हसायचो. माणूस उंच, कपडे कडक, गाल रोज सकाळी वस्तऱ्यानं घोटून गुळगुळीत केलेले. मला त्यांचा भारी अभिमान होता.

मग एका रविवारी रूळ वाजला आणि खाकरणं ऐकू आलं नाही. मी आत गेले. बाबा बाजेच्या कडेला बसले होते. कोटाची एक बाही हातात चढवलेली, दुसरी तशीच लोंबत होती. दुसरी बाही कशी घालायची ते विसरल्यासारखे ते तिच्याकडं बघत होते. आई त्यांच्यापुढं उकिडवी बसून म्हणत होती, "अवं, उठा की. माणसं जमली." बाबांच्या डोळ्यांतून पाणी गळत होतं. रडणं म्हणावं तर तोंड वाकडं नाही, हुंदका नाही. छपरातून गळावं तसं नुसतं गळत होतं. आधीचे दोनतीन महिने ते जेवताना घास हातात धरून बसायचे, बोलता बोलता थांबायचे, पहाटेच उठून भिंतीकडं बघत राहायचे, ते आम्हाला दिसत होतं. पण दिसणं वेगळं आणि कळणं वेगळं.

इतक्यात ओसरीत सत्तोबा आले. सत्तोबा हे मंडळीचे वडील, म्हणजे कारभारी पंच. धंद्यानं गवंडी, अंगानं आडदांड, बोलणं दगड फोडल्यासारखं. त्यांच्यापुढं पाळकाचीही टाप नसे. "वैनी, पाळकसायेब कुटं हायत? लोकं खोळंबल्यात," असं म्हणत त्यांनी एक पाय आतच टाकला. आई धावत जाऊन उंबऱ्यात आडवी झाली. काय सांगावं ते तिला सुचलं नसणार. ती म्हणाली, "आत येऊ नगासा. त्ये उपासाला बसल्यात. प्रार्थनेत हायत."

सत्तोबांनी पाय मागं घेतला. डोईचा पटका काढला, हातात धरला आणि मागच्या पावली देवळात गेले. त्या दिवशी उपासना त्यांनीच चालवली. आईनं दार लावलं आणि दाराला पाठ टेकून खाली बसली. माझ्याकडं बघून म्हणाली, "सारू, ह्यातलं कुटं बोललीस तर जीभ उपटीन." माझी आई मला कधी असं बोलत नसे.

एका खोट्याला किती पाय फुटतात ते मी तेव्हा पाहिलं. पहिल्या आठवड्यात लोक कुजबुजले, दुसऱ्या आठवड्यात हलक्या पावलांनी आमच्या ओसरीत येऊन बसायला लागले. पाळक कुणाला भेटत नाहीत, बोलत नाहीत, नुसत्या पाण्यावर आहेत, आतून कधी कधी रडणं ऐकू येतं म्हणजे मंडळीच्या पापांसाठी रडत असणार. प्रभू येशूनं रानात चाळीस दिवस उपास केला, तेव्हा आमच्या पाळकांचाही चाळीस दिवसांचाच, असं कुणीतरी ठरवलं. बोटं मोजली गेली. चाळीस दिवस भरल्यावर येणारा पहिलाच रविवार नेमका प्रभुभोजनाचा होता, म्हणजे येशूच्या आठवणीत भाकर मोडून सगळ्यांनी खायच्या विधीचा. झालं. त्या रविवारी पाळक बाहेर येतील, भाकर मोडतील, आणि काहीतरी मोठं घडेल असा बोभाटा झाला. आई दार किलकिलं करून माणसांना हात जोडायची, आणि आत येऊन कपाळाला हात लावायची.

आता फोडणीचं कळलं असेल. ओसरीत माणसं बसलेली, आणि ज्या घरातला कर्ता उपासाला बसलाय त्या घरातून लसणाचा वास सुटणार कसा? शिवाय बाबांना चोरून खाऊ घालायचं होतं. आई हुलग्याचं माडगं करायची, बिनतिखटाचं, पातळ. वाटी पदराखाली झाकून आतल्या खोलीत न्यायची. "एक घोट. सारूसाठी एक घोट," असं म्हणत चमच्यानं पाजायची. निम्मं आत जायचं, निम्मं दाढीत सांडायचं.

दाढीचीही कथाच आहे. दुसऱ्या आठवड्यात एका सकाळी बाबा आईला अगदी शांतपणे म्हणाले, "रिबका, मी नसतो तर तुम्हा दोघींचं बरं झालं असतं." ऊन पडलंय म्हणावं तितक्या सहज. ते मागल्या दारी गेल्यावर आईनं कोनाड्यातला वस्तरा उचलला, फडक्यात गुंडाळला आणि जोंधळ्याच्या कणगीत कोपरापर्यंत हात घालून तळाशी पुरला. मी बघत होते. मी तेव्हा बारा वर्षांची, सगळं कळलं असं म्हणणार नाही, पण त्या दिवसापासून कणगीतून जोंधळा काढायचं काम मी आईला करू दिलं नाही. मीच काढायची, आणि दर वेळी बोटांनी चाचपून बघायची, आहे ना तिथंच. बाबांचे गाल वाढत्या दाढीनं काळवंडले. खिडकीतून कुणाला ती ओझरती दिसली, आणि पाळकांनी जुन्या करारातल्या संदेष्ट्यांसारखं केसाला वस्तरा न लावण्याचं व्रत धरलंय अशी वार्ता पसरली. हसावं की रडावं.

तुम्ही म्हणाल, सरळ सांगायचं, माणूस आजारी आहे म्हणून. कुणाला सांगणार? खरूज झाली, हिवताप आला, तर मंडळी डोक्याशी बसून गाणी गायची. पण हा आजार आहे हेच कुणाला ठाऊक नव्हतं. आमच्यातले सगळे कालपरवाचे ख्रिस्ती. अंगात येणं, देवऋषी, लिंबू, धूप हे सगळं सोडून आलो असं छाती ठोकून सांगायचे, पण मन बिघडलं की सैतान लागला, नाहीतर पोटात लपवलेलं पाप आहे, एवढीच दोन कारणं माहीत. वरची धूळ झाडली, आतलं तेच. आणि सगळ्यात वाईट म्हणजे हे त्यांना शिकवलं होतं कुणी? बाबांनीच. "ज्याच्या हृदयात तारणारा राहतो त्याला उदासी शिवत नाही," असं ते पुस्तकावर हात आपटून सांगायचे. उदास माणूस म्हणजे विश्वासात कच्चा. आणि ज्यानं स्वतःचा जीव घेतला त्याला कबरस्तानाच्या भिंतीबाहेर, निवडुंगापाशी पुरायचं, हा मंडळीचा नियम. बाबा आत बाजेवर बसून आपल्याच उपदेशाखाली चेंगरत होते.

परवाच माझी धाकटी नात मनाच्या डॉक्टरकडं जाऊन आली. चांगल्या गोळ्या दिल्या, पोर आता झोपते, हसते. तिची सासू मात्र चर्चमध्ये सांगते, मणक्याचं दुखणं आहे म्हणून. मी त्या बाईला सगळ्यांपुढं झापलं, "मणका तुझा मोडलाय, खरं बोलायला ताठ उभी राहत नाहीस ती." वयाचा एवढा एक फायदा.

असो. प्रभुभोजनाला दोन दिवस उरले असताना गडमुडशिंगीहून तानूबाई आली. आमच्याच मंडळीतली शेतकरी बाई, दोन कोस चालत आली होती. खांद्यावर तिची चारपाच वर्षांची पोर, तापानं फणफणलेली, डोळे फिरवत होती. तिनं पोरीला ओसरीत आमच्या दारासमोर निजवलं आणि म्हणाली, "पाळकीणबाय, पाळकास्नी एकडाव हात ठिवाया सांगा. म्या दवाखान्यात न्हेणार न्हाय. चाळीस दिसाचा उपास हाय त्येंचा, त्यो वाया जाईल व्हय?"

आई दारात थिजून उभी राहिली. पोरीच्या ओठांवर पापुद्रे आले होते. आईनं एकदा आतल्या खोलीच्या बंद दाराकडं बघितलं, एकदा पोरीकडं. मग वाकून तिनं पोरीला उचललं, स्वतःच्या खांद्यावर टाकलं आणि तानूबाईला म्हणाली, "त्येंनीच सांगितलंय. आदी दवाखाना." हेही खोटंच. मला म्हणाली, "सारू, बाबांपासनं हालू नगंस," आणि भर उन्हात अनवाणी निघाली.

दोन तास मी बाबांच्या बाजेपाशी बसले. ते भिंतीकडं बघत होते आणि मी त्यांच्याकडं. बाहेर बाया गाणी गात होत्या. एकदा ते उठले, कोनाड्यापाशी गेले, रिकाम्या कोनाड्यात हात फिरवला. मी त्यांचा हात धरला आणि ओढून परत बाजेवर बसवलं. त्यांनी हात सोडवून घेतला नाही. आई येईपर्यंत मी तो सोडला नाही, घामानं निसटत होता तरी.

दवाखान्यातलं आईनं मला पुष्कळ वर्षांनी सांगितलं. डॉक्टरांनी पोरीला औषध पाजलं, पाण्याच्या घड्या ठेवायला सांगितल्या, उशीर केला असता तर गेली असती म्हणाले. आई ते ऐकून जागची हलेना. डॉक्टरांनी विचारलं, "बाई, तुमचं काय?" आणि महिनाभर दाबलेलं सगळं तिनं त्या परक्या माणसापुढं ओकून टाकलं. वस्तऱ्यासकट. डॉक्टर चष्मा पुसत ऐकत होते. म्हणाले, "हाडाला आजार होतो तसा मनालाही होतो. त्यांनी काही केलं म्हणून झालेला नाही. त्यांना खाऊ घाला, एकटं सोडू नका. आणि आधी ती गर्दी हटवा. आजारी माणसाला तुम्ही लोकांनी देव्हाऱ्यात बसवलंय." आई म्हणाली, ते ऐकून तिला रडू आलं नाही, भूक लागली. किती दिवसांनी.

रविवार उजाडला. आदल्या दिवशी आईनं नेहमीप्रमाणं प्रभुभोजनासाठी मनुका भिजवून त्यांचा रस काढला होता, भाकर भाजली होती. ती काय करणार आहे ते तिनं मला सांगितलं नव्हतं. रूळ वाजला. सत्तोबा आणि आणखी एक जण आत आले, बाबांना दोन्हीकडून धरून देवळात घेऊन गेले. देऊळ खच्चून भरलेलं. बाप्ये उजवीकडं, बाया डावीकडं, खाली चटयांवर. बाबांना टेबलामागं उभं केलं. दाढी रानासारखी माजलेली, अंगरखा खुंटीला टांगल्यासारखा लोंबणारा. बाबांनी भाकरीकडं बघितलं. हात उचलला. हात तसाच राहिला. ओठ हलले, शब्द आला नाही. किती वेळ गेला कोण जाणे. मागून कुणीतरी म्हणालं, "पवित्र आत्मा आलाय." एक म्हातारी सरपटत पुढं आली आणि बाबांच्या पायांवर डोकं ठेवू लागली. बाबा तिच्याकडं अशा भीतीनं बघत होते की मला आजही ते आठवलं की कसंसंच होतं.

"उटा, मावशी," आईचा आवाज आला. ती बायांच्या रांगेतून उठून उभी होती. आमच्या देवळात बाई कधी उभी राहून बोलली नव्हती. "ह्यो उपास न्हाय. ह्ये आजारी हायत. मनानं आजारी हायत. त्येंनी कुणाला काय सांगितलं न्हाय, खोटं म्या बोलले. रोज माडगं पाजलंय मी त्येंस्नी. दाढीचं बी व्रत न्हाय, वस्तरा म्या लपवलाय, आनि का लपवलाय त्ये तुमी वळखा."

ते ओळखायला फार वेळ लागला नाही. आधी बाया पुटपुटल्या, मग बाप्ये. "म्हंजी सैतानच की," कुणीतरी बोललं. "पाळकालाच धरलंय. बसवा खाली, हात ठिवून काढूया." तीनचार जण उठले, टेबलाकडं निघाले. आई टेबलाच्या पुढं जाऊन उभी राहिली, माझी चिमुकली आई, दोन्ही हात पसरून. मीही धावले आणि तिचं लुगडं धरलं.

मग सत्तोबा उठले. त्यांना वाट द्यायला सगळे बाजूला झाले. मला वाटलं, संपलं, आता हा माणूस आम्हाला रस्त्यावर काढणार. ते आईच्या पुढ्यात येऊन थांबले, आणि पाठ फिरवून लोकांकडं तोंड करून उभे राहिले.

"माजी काशी हिरीवर घसरली न्हवती," ते म्हणाले.

काशीबाई म्हणजे सत्तोबांची बायको. चार वर्षांपूर्वी पाणी ओढताना पाय घसरून विहिरीत पडली, असं अख्ख्या मंडळीला माहीत होतं. तिची माती बाबांनीच केली होती.

"सा म्हयनं ती अशीच बसायची. ह्येंच्यावानी. म्या तिला म्हनायचो, प्रार्थना कर, तुजा इश्वास कमी पडतुया. लई बोललो तिला." सत्तोबांचा आवाज नेहमीसारखाच मोठा होता, फक्त मधूनच अडकत होता. "मग ती गेली. आनि म्या सांगितलं, घसरली. कबरस्तानाच्या भित्तीचा एकेक दगड म्या बसवलाय. माजीच बायकू तिच्या भायेर कशी ठिवू? आता ज्येला पाळकावर हात टाकायचा आसंल त्येनं आदी माज्यावर टाकावा."

उठलेले तिघंचौघं आपापल्या चटईवर जाऊन बसले. बाहेर घोडे चालल्याचा आवाज येत होता. आणि मग टेबलामागून, महिनाभर गंजलेला असा आवाज आला. "मला ठाऊक होतं, सत्तोबा."

सत्तोबा वळले. बाबा त्यांच्याकडं बघत होते, खरोखर बघत होते. "ठाऊक असून तुमी तिला आत पुरलंत?" बाबांनी होकाराची मान हलवली. सत्तोबांनी टेबलावरची भाकर घेतली, चुन्यानं भेगाळलेल्या बोटांनी तिचा तुकडा मोडला आणि बाबांच्या हातात ठेवला. "खावा," ते म्हणाले. "सुटला तुमचा उपास." बाबांनी तो सगळ्यांच्या देखत खाल्ला. त्या दिवशी प्रभुभोजनाचा विधी झाला नाही.

पुढं काही लोक म्हणाले, काशीबाईचं खरं माहीत असून पाळक तसला उपदेश करत राहिले, त्या पापानंच डोकं फिरलं. साफ चूक. माझ्या ओळखीत असे ढोंगी पुष्कळ आहेत की ज्यांना मनाचा आजार सोडाच, साधी सर्दी होत नाही. बाबांनी ते दुटप्पी वागणं केलं, त्याबद्दल मी त्यांच्यावर रागावलेली आहे, अजूनही. पण आजार हा आजार. चार घरं मंडळी सोडून गेली. उपदेशाला दुसरे पाळक आले. आम्हाला त्याच आवारात राहू दिलं ते सत्तोबांच्या शब्दावर. तानूबाईची पोर बरी झाली, तानूबाई मात्र, खोटं सांगून फसवलं म्हणून, आईशी वर्षभर बोलली नाही. देवळातून घरी आल्याबरोबर आईनं सगळी दारं-खिडक्या सताड उघडल्या, कढई चढवली आणि मूठभर लसूण ठेचून अशी फोडणी दिली की आम्ही तिघंही खोकून खोकून बेजार झालो. बाबाही खोकले. खाकरणं ऐकून किती दिवस झाले होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी सत्तोबा दारात. "वैनी, वस्तरा द्या," म्हणाले. आईनं माझ्याकडं बघितलं. मी कणगीत हात घातला. सत्तोबांनी बाबांना ओसरीत उन्हाला बसवलं, येणाऱ्याजाणाऱ्यांच्या देखत, आणि भिंतीला गिलावा करावा तितक्या सावकाशीनं दाढी केली. मग वस्तरा पुसला, आपल्या खिशात घातला आणि घरी घेऊन गेले. त्यानंतर आठवड्यातून दोनदा ते यायचे, खिशात वस्तरा घेऊन. कधी दोघं काशीबाईबद्दल बोलायचे, बहुतेक वेळा काहीच बोलायचे नाहीत. मधे बाबा पुन्हा दोनदा खचले, तेव्हा सत्तोबा रोज आले. असं दीड वर्ष चाललं.

एका सकाळी दाढी झाली, सत्तोबा चहा प्यायले आणि उठून गेले. आई कप उचलायला ओसरीत आली तर खिडकीच्या फळीवर वस्तरा होता. ती धावत फाटकापर्यंत गेली. "सत्तोबा, वस्तरा ऱ्हायला तुमचा," तिनं हाक मारली. सत्तोबांनी मागं वळून न बघता हात वर केला. "माजा न्हाय, त्यो त्येंचा हाय," ते म्हणाले आणि चालू लागले. आई परत आली. तिनं फळीवरचा वस्तरा उचलला. मी कणगीवरचं झाकण काढून ठेवलं होतं. तिनं माझ्याकडं बघितलं, झाकण परत बसव म्हणून मान हलवली, आणि वस्तरा नेऊन कोनाड्यात ठेवला.